रक्तवाहिन्यांचे आरोग्य आणि उतारवयातील स्मृती

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त छावणी येथील स्थानकात ज्येष्ठ श्रावक-श्राविकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षे पूर्ण केली, ही आपणा सर्वांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. या पन्नास वर्षांचा हिशेब दप्तरात आहे, ठरावांच्या वहीत आहे. परंतु त्याहून मोठा भाग आज माझ्यासमोर बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. पहिली वर्गणी कोणी दिली, पहिल्या चातुर्मासाची विनंती घेऊन कोण गेले, भिंत उभी करताना विटा कोणाच्या गाडीतून आल्या, हे कागदावर नाही. ते तुमच्यापाशी आहे. म्हणूनच कार्यवाहांनी जेव्हा मला, “ज्येष्ठांना उपयोगी पडेल असे काही सांगा, पण त्यांना घाबरवू नका,” असे सुचविले तेव्हा स्मृती हाच विषय माझ्या मनात आला.

स्मृतीचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको. भगवान महावीरांची वाणी कित्येक शतके श्रमणसंघाने मुखोद्गत ठेवली. दुष्काळ पडले, स्मरणशक्ती क्षीण होऊ लागली, श्रुतज्ञानाचा लोप होण्याचे भय निर्माण झाले. तेव्हा वीरनिर्वाणानंतर ९८० व्या वर्षी, दुसऱ्या एका गणनेनुसार ९९३ व्या वर्षी, वल्लभी येथे देवर्द्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथबद्ध झाले. स्मृतीचा ऱ्हास ओळखून वेळीच उपाय योजणारी अशी आपली परंपरा आहे. संघाच्या स्मृतीबाबत जो जागरूकपणा आपल्या आचार्यांनी दाखविला, तो आपण आपल्या घरातील वृद्धांच्या स्मृतीबाबत दाखवितो का, हा आजचा प्रश्न आहे.

विसर पडण्याआधी मंदपणा येतो

मतिज्ञानाच्या चार पायऱ्या आपण धर्मपाठशाळेत शिकलो आहोत: अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. प्रथम वस्तूचा बोध होतो, मग ती काय असावी याची विचारणा होते, मग निश्चय होतो आणि शेवटी तो निश्चय टिकवून धरला जातो. हा आध्यात्मिक विषय आहे आणि त्याची शरीरशास्त्राशी तंतोतंत जुळणी करण्याचे धाडस मी करणार नाही. तरीपण समजण्यास सोपे जावे म्हणून एवढे म्हणतो, की स्मृतिभ्रंश म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर केवळ ‘धारणा’ जाते. नातवाचे नाव आठवत नाही, चष्मा कुठे ठेवला ते सुचत नाही, अशी चित्रे आपण रंगवितो.

रक्तवाहिन्यांच्या विकारातून येणारी मेंदूची दुर्बलता बहुधा अशी सुरू होत नाही. त्यात प्रथम मंदावतात त्या ‘ईहा’ आणि ‘अवाय’, म्हणजे विचार करून निश्चयाला येण्याची क्रिया. नावे आठवतात, जुने प्रसंग आठवतात. परंतु हिशेबाला वेळ लागतो, दोन कामे एका वेळी सांभाळता येत नाहीत, ठरलेल्या क्रमाने काम पार पडत नाही. पावले आखूड पडू लागतात. उत्साह मावळतो. घरचे लोक म्हणतात, “वय झाले.” आणि नेमकी येथेच चूक होते.

वय होते हे खरेच आहे. पण मेंदूचे वय हे पुष्कळ अंशी त्याला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांचे वय असते, आणि वाहिन्यांचे वय आपल्या हाती बरेच असते. आजच्या व्याख्यानातून एवढी एकच गोष्ट आपण घरी नेली तरी मला समाधान वाटेल.

नहर आणि जाते

हे कसे घडते ते समजण्यासाठी फार लांब जाण्याची आवश्यकता नाही. खाम नदीच्या काठावरची पाणचक्की आपण सर्वांनी पाहिली आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने या नगरासाठी भूमिगत नहरींची योजना केली. पाणचक्कीची नहरही त्याच परंपरेतली. डोंगरातील झऱ्याचे पाणी जमिनीखालून मातीच्या नळांतून कित्येक किलोमीटर आणायचे, वाटेत दाब सांभाळण्यासाठी उंच स्तंभ बांधायचे आणि शेवटी ते पाणी उंचावरून सोडून त्याच्या जोरावर जाते फिरवायचे, अशी ती रचना आहे. नळात गाळ साचला, सांध्यात झाडाची मुळे शिरली किंवा दाब न पेलून नळ तडकला, तर जाते मोडत नाही. ते मंद फिरते आणि एके दिवशी थांबते. अशा वेळी जात्याला बोल लावून काय उपयोग? नहर तपासली पाहिजे.

आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के. परंतु शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ २० टक्के तो एकटा वापरतो. शिवाय त्याच्यापाशी साठा नाही. रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि प्रत्येक ठोक्याचा धक्का धमन्यांतून पुढे जातो. तारुण्यात मोठ्या धमन्या लवचिक असतात. त्या किंचित फुगतात, धक्का पोटात घेतात आणि पुढे रक्त संथपणे सोडतात. वय, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि कोलेस्टेरॉल यांमुळे त्या ताठर होतात. मग तोच धक्का न शमता थेट मेंदूच्या आत खोलवर गेलेल्या, केसासारख्या बारीक वाहिन्यांवर आदळतो. वर्षानुवर्षे आघात सोसून त्यांच्या भिंती जाड होतात, पोकळी अरुंद होते, कोठे झिरपू लागते, कोठे बंद पडते.

मेंदूच्या पृष्ठभागावर करड्या रंगाचा थर असतो आणि त्याच्या आत एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोहोचविणाऱ्या तंतूंचा पांढरा भाग असतो. या पांढऱ्या भागातील खोलवरच्या प्रदेशाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या लांब व बारीक असतात आणि तेथे पर्यायी मार्ग फार थोडे. म्हणून पहिली झळ त्यालाच लागते. निरोप पोहोचतात, पण उशिरा पोहोचतात. एमआरआय चित्रात हा भाग पांढऱ्या ढगांसारखा दिसतो आणि मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढे लहान खड्डे दिसतात. असा प्रत्येक खड्डा म्हणजे एक छोटा पक्षाघातच होय. परंतु हात लुळा पडला नाही, तोंड वाकडे झाले नाही, म्हणून तो कोणाच्या लक्षात आला नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अल्झायमर हा निराळा विकार आहे आणि त्यात मेंदूत विशिष्ट प्रथिने साचतात. तथापि उतारवयात हे दोन्ही विकार पुष्कळदा एकत्र नांदतात. अल्झायमरची सुरुवात झालेल्या मेंदूला जर रक्तपुरवठाही अपुरा पडला तर तो लवकर हात टेकतो. म्हणून कारण कोणतेही असो, वाहिन्यांची निगा व्यर्थ जात नाही.

माझ्या घरातली गोष्ट

आता थोडे व्यक्तिगत बोलतो. सांगण्याचा उद्देश सहानुभूती मिळविणे हा नाही. माझ्याकडून झालेली चूक आपल्याकडून होऊ नये एवढाच आहे.

आमचे वडील, ज्यांना आम्ही बाबूजी म्हणत असू, कापडाचे व्यापारी होते. प्रतिक्रमण त्यांना आद्यंत मुखपाठ होते. चौविहाराचा नियम त्यांनी तरुणपणी घेतला तो कधी मोडला नाही. साठीनंतर रक्तदाब वाढलेला आढळला तेव्हा मी, त्यांचा डॉक्टर मुलगा, त्यांना दोन गोळ्या लिहून दिल्या: एक सकाळी न्याहारीनंतर, एक रात्री जेवणानंतर. चिठ्ठी माझ्या हाताची होती.

सदुसष्टाव्या वर्षी रोजमेळ जुळविताना त्यांना वेळ लागू लागला. जो मेळ दहा मिनिटांत बसायचा त्याला तास लागे. सूत्रे सारी पाठ होती, म्हणून आम्हाला शंका आली नाही. पुढे चाल अडखळू लागली, स्वभाव अबोल झाला. एमआरआय केला तेव्हा ते पांढरे ढग आणि ते खड्डे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर काही दिवसांनी आईने कपाटाचा खण आवरला आणि त्यात रात्रीच्या गोळीची न उघडलेली पाकिटे निघाली. एक-दोन नव्हे, कित्येक महिन्यांची.

मी विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “अरे, रात्री जेवणानंतर असे तू लिहिलेस. माझे जेवण सूर्यास्ताआधी दुकानातच उरकते. घरी येईपर्यंत पच्चक्खाण झालेले असते. मग गोळी कशी घेऊ?” हिवाळ्यात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ज्या घरात मी वाढलो त्याच घराचा नियम चिठ्ठी लिहिताना माझ्या लक्षात राहिला नाही, आणि गोळी घेतली का हे मी त्यांना कधी विचारलेही नाही. त्यांच्या नियमात काही दोष नव्हता. दोष माझ्या चिठ्ठीत होता. बाबूजींचा आजार केवळ त्या गोळीमुळे झाला असे मी म्हणत नाही. वैद्यकशास्त्र इतके सरळ उत्तर देत नाही. परंतु त्यांच्या अखेरच्या वर्षांत, जेव्हा सूत्राच्या मध्यावर येऊन ते थांबत आणि माझ्याकडे पाहत, तेव्हा तो खण मला आठवे. आज पन्नास वर्षांच्या या उत्सवात, आपणा सर्वांच्या साक्षीने, ती आलोचना मी येथे करीत आहे.

संशोधन काय सांगते

भारतात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींचे जे राष्ट्रीय पातळीवरील सर्वेक्षण झाले, त्यावरून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार या वयोगटात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, इतके आहे. आकडा मोठा आहे. परंतु दिलासा देणारी बाजूही आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०२४ साली चौदा घटकांची यादी दिली आणि हे सर्व दूर करता आले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबविता येईल असे अनुमान मांडले. त्या यादीत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, मद्य, स्थूलता, व्यायामाचा अभाव, वाईट कोलेस्टेरॉल हे सारे आहेत. आपल्या लक्षात येईल की हे सर्व रक्तवाहिन्यांचेच शत्रू आहेत.

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ पासून पिढ्यान्‌पिढ्या आरोग्याची नोंद ठेवली जात आहे. डॉ. सुधा शेषाद्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील नोंदी तपासून २०१६ साली दाखवून दिले, की तीन दशकांत नव्याने होणाऱ्या स्मृतिभ्रंशाचे प्रमाण दर दशकाला सरासरी सुमारे २० टक्क्यांनी घटत गेले. ही घट किमान शालेय शिक्षण पूर्ण केलेल्यांत दिसली आणि त्याच काळात तेथील लोकांचे हृदय व रक्तवाहिन्यांचे आरोग्यही पुष्कळ अंशी सुधारले होते. त्यानेच सारी घट स्पष्ट होत नाही, हेही संशोधकांनी प्रामाणिकपणे नमूद केले आहे.

रक्तदाब उतरविल्याने बुद्धी टिकते का, याची प्रत्यक्ष परीक्षा ‘स्प्रिंट’ नावाच्या अमेरिकन प्रयोगात झाली. पन्नाशीपुढील ९,३६१ व्यक्तींचे दोन गट केले. एका गटात रक्तदाबाचा वरचा आकडा १४० च्या खाली ठेवायचा, दुसऱ्यात १२० च्या खाली. २०१९ साली निष्कर्ष आले तेव्हा दुसऱ्या गटात बुद्धीच्या सौम्य ऱ्हासाचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी भरले. पूर्ण स्मृतिभ्रंशही कमी दिसला. पण प्रयोग लवकर थांबविल्यामुळे तो फरक निःसंशय म्हणता आला नाही. पुढे चीनच्या ३२६ खेड्यांत सुमारे ३४ हजार लोकांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाला. तेथे मोठे तज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेल्या गावच्या वैद्यसेवकांनी लोकांचा रक्तदाब मोजला, औषधे नियमित दिली, पथ्य समजाविले. चार वर्षांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी झाला. या दुसऱ्या प्रयोगाकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो, कारण शेवटी त्याच्याच आधारे मला ट्रस्टपुढे एक विनंती ठेवायची आहे.

आपल्या आचारातील बळ आणि उणिवा

आपला आचार मुळातच वाहिन्यांना हितकर आहे. मद्य व तंबाखू वर्ज्य, आहार शाकाहारी, ऊनोदरीची शिकवण, सूर्यास्ताआधी भोजन, सामायिकाची शांतता, चातुर्मासातील संयम. हे बळ मोठे आहे. परंतु आपण शुद्ध शाकाहारी आहोत म्हणून आपल्याला काही होणार नाही, हा समज मात्र सोडला पाहिजे. चार ठिकाणी आपण कमी पडतो.

पहिली गोष्ट गोळ्यांची. रक्तदाबाची गोळी रात्रीच घेतली पाहिजे असे नाही. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘टाइम’ नावाच्या प्रयोगाने २०२२ साली दाखवून दिले, की गोळी सकाळी घ्या वा संध्याकाळी, हृदयविकार व पक्षाघातापासून मिळणाऱ्या संरक्षणात फरक पडत नाही. चोवीस तास टिकणाऱ्या, दिवसातून एकदाच घेण्याच्या गोळ्या आज सहज मिळतात. नवकारसीनंतर, म्हणजे सूर्योदयापासून ४८ मिनिटांनी, ती घेता येते. म्हणून ज्यांचा चौविहार आहे, दिगंबर परंपरेतील ज्यांचा रात्रिभोजनत्याग आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना नियम स्पष्ट सांगावा आणि वेळ बदलून मागावी. मनाने बदलू नये. काही औषधे दिवसातून दोनदाच घ्यावी लागतात, इन्शुलिनच्या वेळा ठरलेल्या असतात. त्यांचा विचार निराळा करावा लागतो. पच्चक्खाणात सर्वसमाधि-प्रत्यय आगार ठेवलेला आहे हे आपण जाणताच. तो केव्हा व कसा लागू होतो, हे महाराज साहेबांना विचारावे.

याच संदर्भात तपश्चर्येविषयी. उपवास, आयंबिल, अठ्ठाई यांची अनुमोदना मीही करतो. परंतु मधुमेहाच्या काही गोळ्या चालू ठेवून अन्न सोडले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते आणि तीही मेंदूला घातकच. लघवी वाढविणारी गोळी चालू असताना निर्जळ उपवास केला तर रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. उलटपक्षी पर्युषणाचे आठ दिवस रक्तदाबाची गोळी बंद ठेवणे हेही संकटाला आमंत्रण होय. तपाचा निश्चय झाल्यावर गुरूंची आज्ञा घेतो, तशी डॉक्टरांची भेटही पंधरा दिवस आधी घ्यावी. गोळी सोडणे हे तप नव्हे. तप अन्नाच्या आसक्तीचे असते.

दुसरी गोष्ट मिठाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चमचाभराहून कमी मीठ पुरे. आपण त्याहून बरेच अधिक खातो. पर्वतिथीला हिरवी भाजी नसते, म्हणून ताटात पापड, लोणचे, खाखरा, शेव येतात. पापडात मीठ तर असतेच, वर पापडखारही असतो. भाजी त्यागली त्या दिवशी मूग, मटकी, कढी, दही यांनी ताट भरावे. पापड-लोणच्याला थोडा विसावा द्यावा.

तिसरी गोष्ट ब-१२ या जीवनसत्त्वाची, आणि ही खास आपली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील खेडी, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. शाकाहारींमध्ये कमतरतेचा संभव चौपटीहून अधिक होता. ब-१२ कमी पडले की रक्तात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य साचते आणि त्याचे प्रमाण वाढलेल्यांत रक्तवाहिन्यांचे विकार व स्मृतिभ्रंश अधिक आढळतात. त्याखेरीज ब-१२ च्या कमतरतेने मज्जातंतूंना थेट इजा होते. पायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसर पडतो. वेळीच ओळखले तर यातील बरेच भरून येते. दूध-दह्यातून ब-१२ मिळते. पण उतारवयात ते पोटात नीट शोषले जात नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यानेही ते घटते. साठीनंतर एकदा रक्त तपासून घ्यावे. ब-१२ जीवाणूंच्या साहाय्याने तयार होते, त्यासाठी प्राण्यांची हिंसा होत नाही. मात्र कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असू शकते, म्हणून दुकानात गोळी अथवा थेंब मागावेत. ज्यांच्यात कमतरता नाही त्यांनी मात्र बुद्धी वाढेल या आशेने गोळ्या खाऊ नयेत.

चौथी गोष्ट चालण्याची. साधु-साध्वी वृद्धापकाळातही पायी विहार करतात आणि आपण स्थानकात यावयास स्कूटर काढतो! आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालणे, म्हणजे रोज वीस-पंचवीस मिनिटे, एवढे पुरे. गुरुवारच्या बाजाराला पिशवी घेऊन पायी जावे. हिशेब तोंडी करावा. व्यायाम आणि बुद्धीचा सराव दोन्ही साधतात. दुकानाच्या गादीवर सकाळपासून रात्रीपर्यंत बसून राहिल्याने मात्र ना पाय शाबूत राहतात ना धमन्या.

रक्तदाब कसा मोजावा

रक्तदाबाला लक्षण नसते. म्हणून डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, तेव्हा दाब नाही, असे मानू नये. चाळिशीनंतर प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी मोजावा, कारण मध्यम वयातील वाढलेला दाब हा म्हातारपणीच्या मेंदूचा मोठा वैरी आहे. मोजण्याआधी अर्धा तास चहा घेऊ नये, पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली आणि पावले जमिनीवर सपाट असावीत, हात छातीच्या उंचीवर टेकलेला असावा. मांडी घालून अथवा पायावर पाय टाकून मोजल्यास आकडा चढा येऊ शकतो. १४० वर ९० किंवा अधिक वारंवार आल्यास डॉक्टरांकडे जावे. ऐंशीपुढील वृद्धांत दाब फार खाली नेणेही इष्ट नव्हे. उभे राहिल्यावर घेरी येत असेल तर ते अवश्य सांगावे. आणि तोंड वाकडे होणे, हातातील बळ जाणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही एकाएकी घडले तर मालिश, लेप, उतारा यांत एक मिनिटही न दवडता थेट रुग्णालय गाठावे.

घरातील सुनांना व मुलांना माझे सांगणे असे, की वडीलधाऱ्यांच्या हिशेबाला वेळ लागू लागला, देवाण-घेवाणीत चुका होऊ लागल्या, चाल बदलली, तर “वय झाले” म्हणून सोडून देऊ नका. थायरॉइड, ब-१२, खिन्नता, कमी ऐकू येणे अशी भरून निघणारी कारणेही असतात. आणि त्यांना गोळी घेतली का, हे प्रेमाने रोज विचारा. मी विचारले नाही.

एक विनंती

शेवटी विश्वस्त मंडळास एक विनंती. आपला ट्रस्ट पन्नास वर्षे ज्ञानदान व अन्नदान करीत आला आहे. एक्कावन्नाव्या वर्षात प्रत्येक पक्खीला, प्रतिक्रमणाआधी दिवसाउजेडी, या स्थानकात रक्तदाब मोजण्याची सोय व्हावी. दोन चांगली यंत्रे, चार खुर्च्या, एक नोंदवही आणि युवक व महिला मंडळाचे सहा प्रशिक्षित स्वयंसेवक एवढाच खर्च आहे. जे काम चीनच्या खेड्यांत गावच्या वैद्यसेवकांनी केले, त्यातील पहिली पायरी, म्हणजे दाब मोजणे, नोंद ठेवणे आणि गोळीची विचारपूस करणे, आपल्या छावणीत आपले स्वयंसेवक खात्रीने करू शकतील. औषध ठरविण्याचे काम डॉक्टरांचे राहील. प्रशिक्षण मी विनामूल्य देईन आणि नोंदवहीची तपासणीही करीन. त्या वहीत एक रकाना असा असावा: ‘चौविहार आहे काय? गोळीची वेळ कोणती?’ हा रकाना मला फार वर्षांपूर्वी सुचावयास हवा होता.

आपल्या आगमांची स्मृती आचार्यांनी सांभाळली. ट्रस्टची स्मृती ही स्मरणिका सांभाळील. परंतु आजोबांच्या मुखातून नातवाला मिळणारे सूत्र, आजीच्या तोंडून नातीला मिळणारी कथा, ही स्मृती एका नाजूक नहरीवर अवलंबून आहे. ती नहर वाहती ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.

बोलताना माझ्याकडून काही उणे-अधिक झाले असल्यास, जिनवाणीच्या विपरीत काही शब्द गेला असल्यास, मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र!